पीटर कुशिंग यांची घसरण झाली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ब्रिटिश अभिनेते पीटर कुशिंग यांच्यावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तराला आठवडा लावला, कारण आपला आक्षेप वरवरचा नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. मी लेखात एक तथ्य चुकीचे दिले. ज्या नटाने १९५४ साली बीबीसीवर ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ उभा केला, तो तीन वर्षांत हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीच्या भयपटांत शिरला. ही पैशासाठी झालेली घसरण होती आणि मी ती प्रेमापोटी झाकली. शिवाय त्यांचे दूरचित्रवाणीवरील बहुतेक काम आज अस्तित्वातच नाही, तेव्हा त्याची थोरवी मी ऐकीव माहितीवर गातो आहे.

पहिला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. ‘नाइन्टीन एटी-फोर’चे जे चित्रमुद्रण आज आपण पाहतो ते रविवार, १२ डिसेंबर १९५४ च्या पहिल्या प्रयोगाचे आहे असे मी लिहिले होते. ते चूक आहे. उपलब्ध मुद्रण गुरुवार, १६ डिसेंबरच्या दुसऱ्या प्रयोगाचे आहे. त्या काळी बीबीसीवरील रविवारचे नाटक पुढच्या गुरुवारी पुन्हा दाखवले जाई, आणि ‘पुन्हा दाखवणे’ याचा अर्थ सगळे कलाकार आणि तंत्रज्ञ बोलावून, कॅमेऱ्यांसमोर सारे नाटक पहिल्यापासून पुन्हा सादर करणे, असा होता. ही चूक क्षुल्लक नाही हे आपले म्हणणेही खरे आहे, कारण त्या चार दिवसांत बरेच काही घडले होते. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या होत्या, वृत्तपत्रांत गदारोळ उठला होता, काही खासदारांनी संसदेत निषेधाचा ठराव मांडला होता. राणी आणि प्रिन्स फिलिप यांनी हे नाटक आवडीने पाहिल्याची बातमीही मधल्या काळात आली. दुसऱ्या प्रयोगाच्या आधी बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख मायकल बॅरी यांनी स्वतः पडद्यावर येऊन निर्मितीची बाजू मांडली. म्हणजे आपल्याला दिसतो तो विन्स्टन स्मिथ अर्धा देश आपल्यावर रागावला आहे हे ठाऊक असलेल्या नटाने केलेला आहे. मूळ लेखात मी दुरुस्ती केली आहे आणि ती आपल्यामुळे झाली हेही तेथे नमूद केले आहे.

आता घसरणीबद्दल. घसरण म्हणायचे तर आधी उंची कोठे होती ते पाहावे लागते, आणि कुशिंग यांचा १९५१ पूर्वीचा, म्हणजे दूरचित्रवाणीवर येण्याआधीचा, काळ मी मूळ लेखात फारच घाईने उरकला, हा दोष माझा आहे. २६ मे १९१३ रोजी सरे परगण्यातील केन्ली येथे जन्मलेला हा मुलगा स्थानिक नगर परिषदेच्या सर्वेक्षण विभागात मदतनीस होता आणि तेथून नाटकमंडळीत गेला. १९३९ साली परतीचे तिकीट न काढता ते हॉलिवूडला पोहोचले. तेथे ‘द मॅन इन द आयर्न मास्क’ या चित्रपटात जे पहिले काम मिळाले ते असे की, जुळ्या भावांची दुहेरी भूमिका करणाऱ्या लुई हेवर्ड यांच्यासमोर दुसरा भाऊ म्हणून उभे राहून संवाद म्हणायचे, आणि पुढे दोन चित्रे जोडताना कुशिंग यांचा भाग कापून टाकला जायचा. त्याखेरीज एक लहानशी भूमिका मिळाली. दिग्दर्शक जेम्स व्हेल होते, ज्यांनी १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ केला होता. युद्धकाळात कुशिंग इंग्लंडला परतले, सैनिकांसाठी नाटके करणाऱ्या संस्थेत काम करताना हेलन बेक यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि १९४३ मध्ये त्यांचा विवाह झाला. १९४८ च्या ऑलिव्हिए यांच्या ‘हॅम्लेट’मध्ये त्यांना ऑस्रिकची छोटी भूमिका मिळाली, त्याच वर्षी ओल्ड व्हिक या लंडनच्या नाटक कंपनीबरोबर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा झाला, आणि तरीही पुढे असे दिवस आले की घर चालवण्यासाठी त्यांना बायकांच्या स्कार्फवरची नक्षी काढून विकावी लागली. दूरचित्रवाणीच्या निर्मात्यांना पत्रे लिहिण्याचा आग्रह हेलन यांनी धरला. चाळिशीकडे झुकलेल्या, चित्रपटांत जवळजवळ कोणी न ओळखणाऱ्या नटाला त्या पत्रांतून काम मिळाले. पैशासाठी काम केले हा आरोप करताना हा माणूस पैशावाचून किती वर्षे काढून आला होता हेही ध्यानात घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.

त्या पत्रांनंतरची पाच वर्षे ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत श्रीमंत वर्षे आहेत असे मी म्हटले होते आणि आजही म्हणतो. १९५२ मध्ये त्यांनी बीबीसीच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये नायक डार्सी केला, १९५४ मध्ये ब्यू ब्रमेल केला आणि वर्षअखेरीस विन्स्टन स्मिथ. ब्रिटिश दूरचित्रवाणी निर्मात्यांच्या संघटनेने, जिचे पुरस्कार आज बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्कारांच्या परंपरेत मोजले जातात, त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवले. यातले डार्सीचे काम आज कोणीही पाहू शकत नाही. थेट प्रक्षेपित नाटकाचे मुद्रण करायचे तर दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावावा लागे, आणि बहुतेक नाटकांच्या वाट्याला तेही आले नाही. हवेत गेले आणि संपले. आपला ‘ऐकीव’ हा शब्द येथे नेमका लागू पडतो आणि तो मी नाकारत नाही.

परंतु जे हाती आहे त्यावरून काय कळते ते पाहू. लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत रुडॉल्फ कार्टिअर यांनी दिग्दर्शित केलेले, नायजेल नील यांनी नाट्यरूप दिलेले हे सुमारे दोन तासांचे नाटक. मध्ये मध्ये आधी चित्रित केलेले तुकडे घातले आहेत, त्या अवधीत नट एका सेटवरून दुसऱ्या सेटवर पोहोचत. बाकी सारे एकसलग. रीटेक नाही. कुशिंग जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहेत. कादंबरीतला विन्स्टन स्वतःच्या चेहऱ्यावर भाव उमटू नये म्हणून धडपडणारा माणूस आहे, आणि नटासाठी याहून कठीण मागणी दुसरी नाही, कारण प्रेक्षकाला सगळे दिसले पाहिजे आणि समोरच्या पात्राला काहीच दिसता कामा नये. कुशिंग हे हातांनी साधतात. चेहरा थिजलेला राहतो, पण बोटे कपाच्या कडेवर, वहीच्या पुठ्ठ्यावर, कॉलरवर काहीतरी शोधत राहतात. विन्स्टनचा छळ करणारा सत्ताधारी पक्षाचा अधिकारी ओब्रायन, त्या भूमिकेतील आंद्रे मोरेल यांच्यासमोरच्या छळाच्या प्रसंगांत मात्र तो हातांचा आधारही काढून घेतला जातो, आणि मग जे डोळ्यांत दिसते ते मी येथे शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करणार नाही.

हे हातांचे काम अपघाताने आलेले नव्हते. तेव्हाचे दूरचित्रवाणीचे चित्र ४०५ रेषांचे, लहान आणि धूसर होते. रंगमंचावर जो हातवारा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो तो येथे चौकटीबाहेर जातो, आणि जो भाव मोठ्या पडद्यावर पापणीच्या हालचालीने कळतो तो येथे दिसतच नाही. म्हणून नटाला चेहऱ्याजवळ आणता येईल अशी वस्तू लागते: चष्मा, सिगारेट, पेन, भिंग. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत ज्याला प्रॉपर्टी म्हणतात, तिचा वापर कुशिंग यांनी इतका वाढवला की सहकारी त्यांना ‘प्रॉप्स’ या टोपणनावानेच ओळखू लागले. तालमीत धूम्रपान करताना बोटांवर पिवळे डाग पडू नयेत म्हणून ते पांढरा हातमोजा घालत. बोटे क्लोज-अपमध्ये दिसणार आहेत हे ज्याने कायम मनात धरले आहे, असाच माणूस हे करील.

येथून मी आपल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जानेवारी १९५५ मध्ये नील आणि कार्टिअर यांनी बीबीसीवर ‘द क्रीचर’ हे हिमालयातील यतीच्या शोधाचे नाटक केले आणि त्यात डॉ. जॉन रॉलसन ही भूमिका कुशिंग यांची होती. त्याचे मुद्रण उरलेले नाही. १९५७ साली हॅमरने त्याच संहितेवरून ‘द अबॉमिनेबल स्नोमन’ हा चित्रपट व्हॅल गेस्ट यांच्याकडून करवून घेतला आणि रॉलसन पुन्हा कुशिंगच होते. हा चित्रपट उपलब्ध आहे. भूमिका तीच, लेखक तोच, नट तोच, मध्ये जेमतेम दोन वर्षे. हरवलेल्या नाटकाच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू आपल्याकडे आहे ती हॅमरच्या डब्यात सापडते, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण वादाची किल्ली तेथेच आहे. ज्याला आपण घसरण म्हणता, त्या चित्रपटांतच त्यांच्या पुसल्या गेलेल्या दूरचित्रवाणीचा अभिनय टिकून राहिला. हॅमरने त्यांना घेतलेही ते दूरचित्रवाणीचा लोकप्रिय चेहरा म्हणूनच. ब्रिटनमधील चित्रपटगृहांत १९४६ साली १६३ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली होती. १९६० पर्यंत तो आकडा सुमारे ५० कोटींवर आला. घरात बसलेला प्रेक्षक परत आणायचा तर त्याने घरात पाहिलेला माणूस पडद्यावर लागत होता.

‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९५७) आपण ‘रक्ताने बरबटलेला’ म्हणून मोडीत काढता. आपण एकटे नाही. ‘ऑब्झर्व्हर’च्या ज्येष्ठ समीक्षक सी. ए. लेजून यांनी तेव्हा त्याची गणना आपण पाहिलेल्या सर्वांत किळसवाण्या अर्धा डझन चित्रपटांत केली होती. पण त्यातले दोन क्षण पाहा. फासावरून उतरवलेल्या प्रेताचे शिर कापल्यावर बॅरन फ्रँकेन्स्टाइन, म्हणजे कुशिंग, रक्ताळलेला हात स्वतःच्या उंची कोटाला पुसतो, सुताराने भुसा झटकावा तितक्या सहज. दुसरा क्षण: गरोदर दासीला तो राक्षसाच्या खोलीत कोंडतो, आणि लगेच पुढच्या दृश्यात सकाळच्या न्याहारीला बसून शांतपणे मार्मलेड मागतो. पहिल्या क्षणी रक्त आहे, दुसऱ्यात थेंबही नाही, आणि अंगावर काटा दोन्ही वेळा येतो तो हाताच्या त्या निवांत हालचालीमुळे. विन्स्टनचे हात भीती लपवत होते, बॅरनचे हात भीतीचा पूर्ण अभाव दाखवतात. साधन एकच आहे. १९५८ च्या ‘ड्रॅक्युला’त दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रूस करण्याची कल्पनाही त्यांचीच होती, आणि तीही प्रॉपर्टीतूनच सुचलेली.

तरीही ‘भयपटात अभिनय मोजता येत नाही’ यावर आपण ठाम असाल तर भयाचा प्रश्नच नसलेला एक हॅमर चित्रपट पुढे ठेवतो, जो मूळ लेखात एका ओळीत उल्लेखून मी पुढे गेलो होतो. ‘कॅश ऑन डिमांड’ (१९६१) हा ‘द गोल्ड इनसाइड’ या दूरचित्रवाणी नाटकावरून केलेला, कमी खर्चाचा, कृष्णधवल चित्रपट आहे, दिग्दर्शक क्वेंटिन लॉरेन्स. नाताळच्या तोंडावर, जवळजवळ सगळा एका बँकेच्या शाखेत घडतो. कुशिंग हे फोर्डाइस नावाचे शाखाधिकारी आहेत, कोरडे, काटेकोर, हाताखालच्यांना जाचणारे. विमा कंपनीचा तपासनीस म्हणून आत आलेला दरोडेखोर त्यांना सांगतो की तुझी बायको आणि मुलगा माझ्या माणसांच्या ताब्यात आहेत, तिजोरी उघड. हा दरोडेखोर आहे आंद्रे मोरेल. सात वर्षांपूर्वी जो ओब्रायन होता तोच माणूस पुन्हा मऊ आवाजात कुशिंग यांना मोडतो आहे. मधल्या काळात, १९५९ च्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्ये, हे दोघे होम्स आणि वॉटसन होते, म्हणजे एकमेकांच्या श्वासाची दोघांना सवय होती. सकाळी क्षुल्लक चुकीवरून हाताखालच्या ज्या पिअर्सनला नोकरीवरून काढण्याची धमकी दिली, त्याच्याचपुढे दुपारी फोर्डाइस गयावया करतात. त्या प्रसंगात कुशिंग यांचे हात कोठे ठेवावेत हे त्या पात्राला कळत नाही, आणि ते न कळणे त्यांनी इतके बारकाईने बसवले आहे की मला तो त्यांच्या पडद्यावरील सर्वोत्तम अभिनय वाटतो. हे मी विन्स्टन स्मिथ विसरून म्हणत नाही.

आपल्या बाजूने जे म्हणता येते तेही येथे लिहून ठेवतो. थेट प्रक्षेपणाचा ताण त्यांना फार होई आणि चित्रपटाने त्यातून सुटका दिली, हे खरे आहे. त्या अर्थी त्यांनी सोपी वाट धरली असे कोणी म्हटले तर मी फार विरोध करणार नाही. १९६८ मध्ये बीबीसीसाठी त्यांनी पुन्हा होम्स केला, सोळा भाग झाले, त्यातले सहा आज उरले आहेत, आणि चित्रीकरणाच्या घाईमुळे ते स्वतः त्या कामावर समाधानी नव्हते. जानेवारी १९७१ मध्ये हेलन गेल्या. त्यानंतर त्यांनी दुःखावर उतारा म्हणून मिळेल ते काम स्वीकारले, आणि त्या दशकातील कित्येक चित्रपटांत संहिता त्यांच्या योग्यतेची नव्हती. घसरण हा शब्द संहितांना लावायचा असेल तर १९७० नंतर लावा. १९५७ ला तो लागत नाही.

आपण शेवटी विचारले आहे की नवख्या प्रेक्षकाने सुरुवात कोठून करावी. माझे उत्तर असे की एका संध्याकाळी ‘नाइन्टीन एटी-फोर’मधील ओब्रायनच्या चौकशीचा भाग पाहावा आणि लगेच ‘कॅश ऑन डिमांड’मधील शाखाधिकाऱ्याच्या खोलीतला पहिला लांब प्रसंग लावावा. दोन्ही वेळा मोरेल बोलत असतील. आवाज थोडा कमी करून कुशिंग ऐकत असताना काय करतात ते पाहावे, आणि पाहून झाल्यावर आपले मत बदलले नाही तरी ते येथे जरूर लिहावे.

आपला नम्र,
लेखक