फुकट जगू पाहणाऱ्यांसाठी

कष्ट करून जगायची हौस असेल, तर हे वाचण्यात वेळ घालवू नका. सरळ खाडीकाठी जा आणि तिवराची शिकवणी लावा. चिखलात हवा नाही म्हणून तो मुळं वर काढून श्वास घेतो, खारं पाणी पितो आणि पानांवाटे मीठ बाहेर टाकतो. किंवा माळावरच्या निवडुंगाला भेटा. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून हा गडी रंध्रं रात्री उघडतो, म्हणजे दिवसपाळी आहेच, वर रात्रपाळी. ‘परिस्थितीशी जुळवून घेणं’ म्हणून पाठ्यपुस्तकात दोघांचं फार कौतुक आहे. कौतुकानं पोट भरत असेल तर जरूर करा.

बाकीच्यांनी आंब्यावरच्या बांडगुळापासून सुरुवात करावी. बांडगूळ स्वतः कुठे जात नाही, त्याला नेऊन सोडणारा असतो. फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बी विष्ठेतून फांदीवर आणून चिकटवतो. शिफारशीचा मार्ग थोडा अस्वच्छ असतो, त्याची लाज बाळगू नये. एकदा सालीत शोषकमूळ घुसलं की पाणी आणि क्षार घरपोच. मात्र पानं हिरवी ठेवा. त्यात थोडंफार अन्न तयार होतं, त्यामुळे कुणी हटकलंच तर ‘मी माझं कमावून खातो’ असं छाती काढून सांगता येतं. उन्हाळ्यात आंबा काटकसर करून रंध्रं मिटून घेतो, तेव्हा तुम्ही हात आखडू नका. फांदीचा शेंडा वाळेल. वाळू दे, तुम्ही कुठे शेंड्यावर बसलाय?

एकच काळजी. बांडगुळावर कधीकधी दुसऱ्या जातीचं बांडगूळ येऊन बसतं, म्हणजे पोटभाडेकरूच. अशा वेळी ‘हल्ली लोकांना फुकटचं खायची सवय लागलीय’ असं खुशाल म्हणावं.

हिरव्या पानांचं नाटकही झेपत नसेल, तर अमरवेल व्हा. पानं नाहीत, आणि आधार मिळाला की मूळही सुकून जातं. सुरुवातीचे काही दिवस तेवढे जपायचे, कारण बियातली शिदोरी संपायच्या आत कुणीतरी गाठावं लागतं. त्यासाठी नाक तीक्ष्ण हवं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या संशोधकांनी 2006 साली दाखवून दिलं, की अमरवेलीचा कोंब वासाचा माग काढत जातो, आणि टोमॅटो व गहू समोर ठेवले तर टोमॅटोकडे झुकतो. तेव्हा सोयरीक वासावरून ठरवा. कुणी उपटलंच, तरी एक तुकडा मागे ठेवून या. तेवढ्यातून पुन्हा संसार उभा राहतो.

धीराच्या माणसांसाठी टारफुला. धुळीइतकं बारीक बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारीचं मूळ जवळ आल्याशिवाय हलत नाही. आता गंमत बघा. ज्वारी मुळांतून जे रसायन सोडते, ते स्फुरद मिळवून देणाऱ्या उपकारी बुरशीला बोलावण्यासाठी. निमंत्रण बुरशीला आणि पंगतीत आधी टारफुला! तो जमिनीबाहेर डोकं काढतो, तोवर ज्वारी आतून पिळून निघालेली असते. फक्त कपाशीच्या नादी लागू नका. तीही तसंच बोलावते, पण जेवायला काही घालत नाही. उगवलेलं बी उपाशी मरतं. टारफुल्याला जागं करणारं रसायन 1966 साली पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही कपाशीच्याच मुळांतून.

पण हे सगळे बदनाम लोक. तुम्हाला प्रतिष्ठाही हवी असेल, तर डोळे झाकून चंदन व्हा. चंदनाची मुळं जमिनीखाली शेजाऱ्याच्या मुळांना गुपचूप शोषकं लावतात, म्हणून रोपवाटिकेत त्याच्या जोडीला तूर लावतात. वर मात्र सुगंध, देव्हाऱ्यातला मान आणि सोन्याचा भाव. सत्काराच्या भाषणात कुणीतरी तुम्हाला ‘समाजासाठी चंदनासारखे झिजले’ म्हणेलच. तेव्हा मान खाली घालून शाल सावरा, आणि शेजारच्या खुर्चीवर तूर बसलीय ना, एवढं तेवढं बघून घ्या.