पाचशे प्रोफाइलं, गिऱ्हाईक एकही नाही

पुरे झालं आता! नागपुरात इतवारीतला मसालेवाला, धरमपेठेतला दातांचा डॉक्टर, सक्करदऱ्यातला शिकवणीवाला, सगळ्यांच्या गळ्यात तेच पॅकेज मारलेलं: '५०० प्रोफाइल बॅकलिंक, महिन्याभरात गुगलवर पहिला नंबर.' म्हणजे पाचशे परक्या साइटांवर तुमच्या नावाचं खातं उघडायचं अन् त्यात तुमच्या वेबसाइटची लिंक टाकायची. भाऊ, कसा येणार पहिला नंबर? जिथं कोणीही फुकटात खातं उघडून आपला पत्ता चिकटवू शकतो, त्या लिंकेला गुगल काऊन भाव देईल? अशा लिंकांवर बहुतेक ठिकाणी नोफॉलोचा शिक्का असतो, म्हणजे 'ही लिंक आमची शिफारस समजू नका' असं गुगलला सांगणारी खूण. २००५ पासून आहे तो! २०१९ मध्ये वापरकर्त्यांनी टाकलेल्या लिंकांसाठी यूजीसी हा वेगळा शिक्काही आला. विकणाऱ्याला माहीत नसतं का हे? २०१२ च्या पेंग्विन अपडेटनं, म्हणजे गुगलनं नंबर लावायच्या पद्धतीत केलेल्या बदलानं, बनावट लिंकांवर उभ्या असलेल्या साइट कशा आपटल्या, हेही माहीत असतं. आता गुगल असला कचरा बहुतेक वेळा मोजतच नाही, म्हणजे दुकानदाराचे पैसे पाण्यात. अतीच झालं तर मॅन्युअल कारवाई, म्हणजे गुगलचा माणूसच साइट तपासून तिला खाली ढकलतो नाहीतर शोधातून काढतो. मग लिंका काढत बसा, उरलेल्या मोजू नका म्हणून त्यांच्या यादीची फाइल गुगलला द्या, पुनर्विचाराचा अर्ज करा. तेव्हा पॅकेजवाला फोन तरी उचलतो का?

मसालेवाल्याचं प्रोफाइल परदेशी गेमिंग साइटवर! सावजी मसाला तिथं कोण शोधतंय? आणि गुगल सर्चवर, मॅपवर दुकानाची माहिती दाखवणारं त्याचं गुगल बिझनेस प्रोफाइल? अर्धवट. वेळ चुकीची, फोटो एक नाही. अरे, ते भरा ना आधी! गिऱ्हाईक तिथं शोधतं राजेहो! आणि त्या ५०० खात्यांचे पासवर्ड कोणाकडे आहेत, हे तरी कोणी विचारलं का?