घोडेही विकायचे आणि पदकेही हवीत

आज सकाळी एका स्नेह्याने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील शो जंपिंगच्या, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेच्या, सांघिक अंतिम फेरीची जुनी चित्रफीत शेअर केली होती. ब्रिटन आणि नेदरलँड्स यांची बरोबरी झाली, जंप ऑफ, म्हणजे बरोबरी सोडवणारी जादा फेरी, घ्यावा लागला आणि ब्रिटनने १९५२ च्या हेलसिंकीनंतर, म्हणजे तब्बल ६० वर्षांनी, सांघिक सुवर्णपदक मिळवले. ते पुन्हा पाहताना मन प्रसन्न झाले होते, तोच खालची एक प्रतिक्रिया वाचली आणि सगळी प्रसन्नता मावळली. "घोडा ही मालकाची मालमत्ता आहे. चांगला भाव आला की विकून मोकळे व्हावे. संघाला दुसरा घोडा मिळतोच." त्याखाली पसंती दाखवणाऱ्या अंगठ्यांची रांग लागलेली होती. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे लिहिते आहे. इथे निदान घोडा आणि मोटारगाडी यांतला फरक समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

"दुसरा घोडा मिळतोच" हे वाक्य लिहिणाऱ्याने तो दुसरा घोडा कुठून येतो याचा क्षणभर तरी विचार केला आहे का? ऑलिंपिकच्या शो जंपिंगमध्ये नऊ वर्षांखालील घोडा उतरवताच येत नाही. त्याआधीची चार-पाच वर्षे त्याला लहान अडथळ्यांवरून मोठ्या अडथळ्यांवर आणण्यात, पाण्याची भीती घालवण्यात, गर्दीच्या आवाजाची सवय लावण्यात आणि मुख्य म्हणजे पाठीवर बसलेल्या माणसावर विश्वास ठेवायला शिकवण्यात जातात. १.६० मीटर उंचीचा अडथळा समोर दिसत असताना कुठून उडी घ्यायची हे स्वार आणि घोडा मिळून ठरवतात आणि तो निर्णय डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घ्यावा लागतो. म्हणूनच ऑलिंपिकची किमान पात्रता त्या विशिष्ट स्वाराने त्या विशिष्ट घोड्यावर मिळवावी लागते. नियम करणाऱ्यांना जे कळले, ते भाव लावणाऱ्यांना कळत नाही किंवा कळून घ्यायचे नसते.

मी जिथे घोडेस्वारी शिकले त्या क्लबमध्ये मैना नावाची एक कुमैत घोडी होती. आमच्यातली एक ज्येष्ठ स्वार, जिला आम्ही सगळे ताई म्हणत असू, तिने मैनाला अगदी कच्ची असल्यापासून तयार केले होते. रुंद अडथळा जवळ आला की मैना उजवा कान मागे वळवत असे. बघणाऱ्याला वाटे, आता ही अडणार. ताई मात्र त्याच क्षणी लगामावरची पकड थोडी सैल करी, डावी पोटरी हलकेच दाबी, आणि मैना अशी उडे की बार आणि तिचे खूर यांच्यात वीतभर अंतर राहत असे. आंतरक्लब सांघिक स्पर्धेच्या अगदी तोंडावर मैना विकली गेली. ज्यांनी ती घेतली त्यांचा स्वार चांगला होता, हे मी नाकारत नाही. पण पहिल्याच स्पर्धेत तिने कान मागे घेतला, त्याने घाबरून लगाम खेचला आणि ती अडली. दुसऱ्यांदाही तेच झाले आणि घंटा वाजली, म्हणजे ती जोडी बाद झाली. आमचा संघ एका नवख्या घोड्यावर गेला आणि शेवटून पहिला आला. त्या व्यवहारात नेमके कोण जिंकले, हे मला आजतागायत समजलेले नाही.

हा क्लबातला किरकोळ किस्सा झाला असे कोणी म्हणेल, म्हणून मोठे उदाहरण देते. टोटिलास हा ड्रेसाजचा, म्हणजे अडथळ्यांऐवजी घोड्याच्या तालबद्ध हालचाली पारखणाऱ्या प्रकाराचा घोडा, शो जंपिंगचा नव्हे, पण या विषयात त्याला टाळून पुढे जाता येत नाही. २०१० मध्ये केंटकीतील जागतिक स्पर्धेत डच स्वार एडवर्ड गॅलने त्याच्यावर तीन सुवर्णपदके मिळवली, त्यांत नेदरलँड्सचे सांघिक सुवर्णही होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो जर्मनीतील पॉल शॉकेमोलेला विकला गेला. पुढच्या वर्षी रॉटरडॅमच्या युरोपीय स्पर्धेत सांघिक सुवर्ण ब्रिटनला गेले, टोटिलास घेऊन आलेल्या जर्मनीला रौप्य आणि तो गमावलेल्या नेदरलँड्सला कांस्य मिळाले. लंडन ऑलिंपिकला तर टोटिलास गेलाच नाही, कारण त्याचा नवा स्वार मथियास राथ आजारी पडला. विकणाऱ्या देशाचे सोने गेले आणि घेणाऱ्या देशाच्या पदरीही ते पडले नाही. मैनाच्या बाबतीत लहान प्रमाणावर हेच झाले होते, फक्त तिची बातमी कुठे छापून आली नाही.

संघाच्या दृष्टीने तर आता परिस्थिती अधिकच बिकट झाली आहे. पूर्वी ऑलिंपिकच्या संघात चार स्वार असत आणि सर्वांत वाईट गुण सोडून देता येत. टोकियोपासून संघात तीनच स्वार आहेत आणि तिघांचेही गुण धरले जातात. अडथळ्याचा एक बार पडला की चार दोष लागतात हे हिशोबात धरले, तर एका कच्च्या जोडीची एक गडबडलेली फेरी अख्ख्या देशाला पदकांच्या यादीबाहेर नेऊ शकते. अशा व्यवस्थेत तिघांपैकी एक घोडा स्पर्धेच्या आधी सहा-आठ महिने विकून टाकायचा आणि नंतर संघाच्या प्रशिक्षकाला पत्रकारांसमोर उभे करून जाब विचारायचा, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. शब्द कडक वाटत असेल तर वाटू द्या.

याच्या उलट उदाहरणे पाहा. ब्रिटिश स्वार निक स्केल्टनच्या बिग स्टार या घोड्याला लंडननंतर गिऱ्हाईक मिळाले नसते असे कोणी म्हणू शकेल का? त्याचे मालक, विडोसन दांपत्य, बधले नाही. घोडा मधल्या काळात दुखापतींनी बराच काळ बाहेर राहिला, तरीही तो स्केल्टनकडेच राहिला आणि २०१६ मध्ये रिओत ५८ वर्षांच्या स्केल्टनने त्याच्यावर वैयक्तिक सुवर्ण जिंकले. ड्रेसाजमधील व्हॅलेग्रोला तर लंडननंतर विकायचे ठरलेच होते. तो व्यवहार झाला नाही आणि रिओत त्याने ब्रिटनला पुन्हा सुवर्ण मिळवून दिले. आता कोणी तरी लगेच सांगेल की रिओत बिग स्टार असूनही ब्रिटनचा शो जंपिंगचा संघ अंतिम फेरीत पोहोचला नाही, आणि ब्रिटनच्याच स्कॉट ब्रॅशचा हॅलो सँक्टोस हा घोडा विकला गेला नव्हता तरी दुखापतीमुळे रिओला जाऊ शकला नाही. बरोबर आहे. घोडा ठेवला म्हणून पदक नक्की होत नाही. पण विकल्यावर तर प्रश्नच मिटतो.

खरेदी करूनही यश मिळते, हेही मान्य करावे लागेल. लंडनलाच सौदी अरेबियाने सांघिक कांस्यपदक मिळवले आणि त्यामागे खास स्थापन केलेल्या निधीतून घेतलेले घोडे होते. त्या स्वारांना मी नावे ठेवणार नाही. त्यांनी त्या घोड्यांसोबत मेहनत केली आणि दोन वर्षे आधीच अब्दुल्ला शरबतलीने केंटकीत वैयक्तिक रौप्य मिळवून आपली लायकी दाखवली होती. माझा राग घेणाऱ्यांवर नाहीच. तो विकणाऱ्यांवर आहे आणि त्यांच्याहून जास्त त्या देशोदेशींच्या घोडेस्वारी महासंघांवर आहे, जे घोडा विमानात चढल्यावर जागे होतात.

मैना गेली त्या दिवसाची एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्या मोतद्दार काकांनी एका वहीच्या पानावर तिच्या सवयी लिहून काढल्या होत्या. थंडीत लोखंडी कडी तोंडात देण्याआधी ती तळहातात धरून गरम करावी, खरारा करताना पोटाखाली हात आधी ठेवावा आणि मग ब्रश फिरवावा, पाण्याच्या अडथळ्याआधी तिला एकदा नुसते चालत नेऊन दाखवावे. घोडी न्यायला आलेल्या माणसाने तो कागद घेतला, चार घड्या केल्या, खिशात टाकला आणि पावतीवर सही मागितली. त्याने तो नंतर वाचला असेल असे मला वाटत नाही. त्याच्या हिशोबी तो चार पायांचा आणि एका कागदाचा व्यवहार होता. काका मात्र ट्रेलरची फळी वर उचलताना हात लावायला पुढे झाले नाहीत. एरवी ते काम ते कोणाला करू देत नसत.

हे लिहिताना माझा आवाज नकळत खाली आला आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूचेही थोडे लिहून टाकते. क्लबच्या चिटणीसांनी तेव्हा आम्हाला सांगितले होते की मैनाच्या पैशांत तबेल्याचे गळके छप्पर बदलले जाईल, नालबंदाची थकबाकी फिटेल आणि दोन शिंगरे घेता येतील. तिन्ही गोष्टी झाल्या, आणि त्यांतल्या एका शिंगरावर पुढे मी स्वतः शिकले. या खेळात बक्षिसाच्या रकमेवर तबेला चालत नाही. चारा, नालबंद, पशुवैद्य, वाहतूक आणि मोतद्दारांचे पगार यांची बेरीज केली की कितीतरी स्वारांची खरी कमाई घोडे तयार करून विकण्यातच असते, हे उघड आहे. नेदरलँड्सचा शो जंपिंगचा स्वार येरून डुबेल्डम याचेच पाहा. त्याचा सायमन हा घोडा अमेरिकेत गेला, २०१३ मध्ये त्याच्यावर अमेरिकेच्या बीझी मॅडनने वर्ल्ड कप फायनल जिंकली, आणि तरी डुबेल्डम झेनिथ नावाच्या दुसऱ्या घोड्यावर २०१४ मध्ये जगज्जेता आणि २०१५ मध्ये युरोपविजेता झाला. दोन्ही वेळा नेदरलँड्सचा संघही जिंकला. त्यातही २०१४ च्या त्या अंतिम फेरीत चार स्वारांनी एकमेकांच्या घोड्यांवर बसायचे असा नियम होता, म्हणजे परक्या घोड्यावरही त्याने बाजी मारली. माझ्या मताला छेद देणारे याहून मोठे उदाहरण मला सापडणार नाही.

पण डुबेल्डम किती जन्माला येतात? आणि परक्या घोड्यावर एक फेरी काढणे वेगळे, त्या घोड्याला तिथवर आणणे वेगळे. त्या दिवशी मैदानात आलेले चारही घोडे कोणी ना कोणी वर्षानुवर्षे घडवलेलेच होते.

शिवाय डुबेल्डमला सावरायला त्याच्या देशात एक व्यवस्था होती, हे त्याचे उदाहरण देणारे सोयीस्करपणे विसरतात. झेनिथच्या नावापुढे एन.ओ.पी. ही अक्षरे लागत. नेदरलँड्समध्ये ऑलिंपिकच्या घोड्यांसाठी या नावाची संस्था आहे. ती मालकांशी करार करते आणि घोडा ठरावीक काळ देशाच्या स्वाराकडे राहील अशी तजवीज करते. मायकेल व्हॅन डर व्ल्यूटेनचा व्हर्डी हा घोडा असाच होता, आणि लंडनचे सांघिक रौप्य आणि पुढची दोन सांघिक सुवर्णपदके त्याने त्याच स्वाराला घेऊन मिळवली. मालक मोडकळीला आला तरी जोडी टिकू शकते, हेही तिथेच दिसले. गेर्को श्रोडरच्या लंडन नावाच्या घोड्याची मालक कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिकमध्ये त्या घोड्यावर त्याने दोन रौप्यपदके मिळवली, आणि पुढे ऑस्ट्रियन उद्योजक ग्लॉक यांनी घोडा विकत घेऊन तो श्रोडरकडेच ठेवला. ही सुद्धा विक्रीच होती. अशा विक्रीला माझा काडीचाही विरोध नाही. जर्मनीतही ऑलिंपिक घोडेस्वारीसाठी स्वतंत्र समिती आहे, ती १९१३ पासून काम करते आहे, आणि मायकेल युंगच्या इव्हेंटिंगच्या (ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि शो जंपिंग अशा तिहेरी स्पर्धेच्या) सॅम या घोड्यात तिचा स्वतःचा हिस्सा होता. सॅमने लंडन आणि रिओ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकले.

ज्या देशांकडे अशी काही व्यवस्था नाही, तिथे महासंघाचे पदाधिकारी घोडा गेल्यावर खेद व्यक्त करणारे पत्रक काढतात. वरातीमागून घोडे म्हणतात ते याला.

आंतरराष्ट्रीय नियमही पुरेसा नाही. ऑलिंपिक वर्षाच्या १५ जानेवारीपर्यंत घोड्याची मालकी स्वाराच्या देशातील व्यक्तीच्या नावावर असावी लागते. ऐकायला हे चांगले वाटते, पण प्रत्यक्षात त्यामुळे आदल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत बाजार तापतो, कारण ज्यांच्याकडे पैसा आहे पण घोडा नाही त्यांना ती तारीख गाठायची असते. डिसेंबरात विकलेल्या घोड्याला नव्या स्वाराची ओळख करून घ्यायला जेमतेम सहा-सात महिने मिळतात, आणि ज्याचा घोडा गेला त्याला तर नवी जोडी जमवून पात्रता मिळवण्याइतकाही अवधी उरत नाही. मैनाने दोन वर्षांनी नव्या स्वाराखाली चांगली उडी मारायला सुरुवात केली, असे कोणाकडून तरी कळले होते. दोन वर्षांनी.

त्यामुळे माझे म्हणणे एवढेच आहे की ही तारीख निदान एक वर्ष आधीची करावी. त्यानंतर विकणाऱ्याने विकावे, घेणाऱ्याने घ्यावे, पण त्या ऑलिंपिकपर्यंत घोडा जुन्याच स्वाराखाली धावेल अशी अट करारात असावी, आणि त्या काळात मालकाचे जे नुकसान होईल त्यातला ठरावीक वाटा महासंघाने उचलावा. महासंघ म्हणेल की पैसा नाही. मग प्रायोजकांकडून जमवा, घोड्यांचे हिस्से काढा, शंभर लोकांना एकेक हिस्सा विका. मी स्वतः एक घेईन. मात्र करारात घोड्याच्या नावाशेजारी स्वाराचेही नाव लिहिलेले असावे. ते नसेल तर मी सही करणार नाही.