नातं नाही, म्हणूनच तुलना

नमस्कार. मी वटवाघूळ आणि हमिंगबर्ड यांची तुलना केली, त्यावरचा तुमचा आक्षेप थोडक्यात असा : वटवाघूळ सस्तन प्राणी, हमिंगबर्ड पक्षी; दोघं फुलातला रस पितात एवढ्यावरून त्यांना शेजारी बसवणं ओढूनताणून आहे. शिवाय ‘दोघं फुलासमोर हवेत अगदी सारखेच तरंगतात’ हे माझं वाक्य साफ चूक.

आधी चुकीचं. ते वाक्य चुकलंच. हमिंगबर्ड पंख वर नेतानाही उलटा वळवतो आणि शरीराचा साधारण पाव भार त्यावर पेलतो. वटवाघळाला वर जाणाऱ्या पंखाची एवढी मदत होत नाही; ती कसर त्याचे मोठे पंख भरून काढतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कोस्टा रिकातल्या मोजमापांत वजनाच्या मानाने लागणारी शक्ती मात्र दोघांची जवळपास सारखी निघाली. मी हिशेबाची शेवटची ओळ वाचली आणि ‘सारखेच’ लिहून मोकळा झालो.

तुलना मात्र मागे घेत नाही. या दोघांचे पूर्वज ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. वटवाघूळ पक्ष्यापेक्षा हत्तीला जवळचं! चुलत भावंडं असती तर साम्य वारशात आलं म्हणून विषय संपला असता.

आता दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगररांगेतली जोडी बघा. तलवारचोच हमिंगबर्डची चोच, शेपटी सोडली तर, उरलेल्या शरीराहून लांब. लांब नळीच्या कृष्णकमळवर्गीय फुलांसाठी ती लागते. त्याच डोंगररांगेत, इक्वेडोरमध्ये, अनुरा फिस्टुलाटा हे वटवाघूळ राहतं. शास्त्राला ते २००५ साली कळलं. त्याची जीभ सुमारे साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे शरीराच्या दीडपट. सेंट्रोपोगॉन निग्रिकन्स या फुलाची नळीही जवळपास तेवढीच, आणि रात्री तिच्या तळाशी पोचणारं हे एकटंच.

एवढी जीभ ठेवायची कुठे? हमिंगबर्डच्या जिभेला आधार देणारी हाडं कवटीच्या मागून वळसा घेतात. या वटवाघळाची जीभ मागे सरकते ती थेट छातीच्या पिंजऱ्यात, हृदय आणि उरोस्थी (छातीचं मधलं हाड) यांच्या मध्ये. खवल्या मांजरानेही हीच युक्ती केली आहे, तीही मुंग्यांसाठी. (आता यांचीही तुलना नको म्हणाल!)

वटवाघळाची सोय थोडी जास्तच. रस पिऊन झाला की जीभ आत. तलवारचोचीला ती चोच दिवसभर मिरवावी लागते, आणि पिसं साफ करायला ती उपयोगाची नाही, म्हणून तो बिचारा पायाने खाजवत बसतो.