‘पैसे मी मोजले, मग किती पीसीवर टाकायचं ते मीच ठरवीन’: दारव्ह्याच्या भाऊंना उत्तर

एका पीसीसाठी विकत घेतलेलं सॉफ्टवेअर बाकीच्या पीसीवर टाकू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरून दारव्ह्याहून लिहिणाऱ्या एका भाऊंनी मला चांगलंच धारेवर धरलंय. त्यांच्या सेवा केंद्रात तीन पीसी आहेत. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) एकच विकत घेतलं, तिन्हीवर टाकलं. ते लिहितात, "वखर घेतला तर तो कोणत्या वावरात चालवायचा हे दुकानदार सांगते काय? तुम्ही काहून कंपन्यांची वकिली करून राह्यले? आन् आमच्या गावात तपासाले येते कोण?" शेवटी विचारलंय, जुना पीसी काढायचा आहे, त्यातल्या टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, काय करू?

भाऊ, वकिली कोणाचीच नाही. तालुक्याच्या दुकानदाराला या किमती जड जातात हे मलाही दिसतं. पण वखराचा दाखला तुमच्याच अंगावर येतो. वखर एका वेळी एकाच वावरात चालतो. तुम्ही एकाचे तीन वखर करून तिन्ही वावरांत एकदम जुंपलेत. एकच वखर आज इथे, उद्या तिथे नेला असता, तर तुमची बाजू बरीच भक्कम होती. तसा परवाना देणारी कंपनीही होऊन गेली. बोरलँडने 1983 साली टर्बो पास्कल हे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. त्या काळातला त्यांचा परवाना म्हणायचा की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा: कोणीही वापरा, कोणत्याही संगणकावर न्या, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी चालू नको.

पण सगळेच या अटीवर विकत नाहीत. कोणी मशीन मोजतं, कोणी माणूस मोजतं, कोणी एका वेळचा वापर. भांडण कंपनीशी करा नाहीतर माझ्याशी, आधी आपल्या बिलावर यातलं काय मोजलंय ते पाहून घ्या.

मशीन मोजणारा मोठा गडी म्हणजे विंडोज. लॅपटॉपसोबत कंपनीनेच टाकून दिलेलं, म्हणजे ओईएम, विंडोज त्या लॅपटॉपलाच बांधलेलं असतं, लॅपटॉप गेला की तेही गेलं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल विंडोज दुसऱ्या पीसीवर नेता येतं, मात्र पहिल्यावरून काढून. नागपूरहून असेंबल करून आणलेल्या पीसीच्या बिलावर विंडोजची ओळच नसेल, तर ते विकत घेतलंय असं धरून चालू नका. एक मात्र तुमच्या कामाचं: विंडोजच्या परवान्यात दुसऱ्या 20 उपकरणांपर्यंत फाइल आणि प्रिंटर वापरू द्यायची मुभा आहे. म्हणजे एका पीसीला जोडलेल्या प्रिंटरवर बाकी दोघांनी प्रिंट काढली, तर त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही.

ऑफिसची कथा मजेशीर आहे. 2010 ची ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्ती एका घरातल्या तीन पीसीवर चालायची. तुमच्या डोक्यातला तीनचा हिशेब कदाचित तिथूनच आला असेल. 2013 मध्ये तीनाचं एक झालं, आणि सुरुवातीला तर ते एकसुद्धा दुसऱ्या पीसीवर हलवता येत नव्हतं. गिऱ्हाइकांनी ओरड केली, तेव्हा मार्च 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने हलवायची परवानगी दिली. म्हणजे या अटी काही ब्रह्मदेवाने लिहिलेल्या नाहीत, ओरडल्यावर बदलतात. मात्र ‘होम अँड स्टुडंट’ ही घरासाठीची आवृत्ती, दुकानाच्या धंद्यासाठी नाही. एका पीसीवर टाकली तरी नाही.

वर्गणीवाल्या ऑफिसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये, माणूस मोजतात. त्याच्या ‘पर्सनल’ प्लॅनमध्ये एक माणूस एका वेळी पाच उपकरणांवर राहू शकतो, पण हाही घरगुती प्लॅन. धंद्याच्या प्लॅनमध्येही प्रत्येक माणसामागे वर्गणी. तुमच्याकडे तीन पोरं तीन खुर्च्यांवर बसून काम करत असतील, तर हिशेब तीन माणसांचा होतो. फोटोशॉपवाल्या अडोबीची तऱ्हा वेगळी: दोन संगणकांवर चालू करून ठेवा, पण वापर एका वेळी एकावरच. हा मात्र थेट तुमचा वखर!

आता कायदा. संगणक प्रोग्रॅम 1957 च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीत मोडतो. कलम 52 तुम्हाला खराबी किंवा नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप प्रत काढू देतं. दुसऱ्या पीसीवर रोज चालणारी प्रत बॅकअपमध्ये बसत नाही. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम 63ब: कैद 7 दिवस ते 3 वर्षे आणि दंड 50 हजार ते 2 लाख रुपये. कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून 50 हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. तुमचं दुकान कमाईचं आहे, म्हणून ही सवलत तुमच्या पदरात पडायची नाही.

"तपासाले कोण येते?" बहुतेक कोणी येणार नाही. पण माझी धास्ती छाप्याची नव्हतीच. दुसऱ्या-तिसऱ्या पीसीवर सॉफ्टवेअर चालू करायचा की-नंबर चालेनासा झाला, की कोणीतरी पेनड्राइव्हमधून अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याशिवाय सॉफ्टवेअर चालू करून देणारा प्रोग्रॅम, आणून देतो आणि सांगतो, आधी अँटिव्हायरस बंद करा. तिथेच खरी गोम आहे. त्याच पीसीवर तुम्ही लोकांची आधार कार्डं स्कॅन करता, पीकविम्याचे अर्ज भरता, पासबुकं जोडता, अंगठे घेता. कुठल्या अनोळखी माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमला पूर्ण अधिकार देऊन, राखणदाराला घरी पाठवून, त्या पीसीवर अख्ख्या गावाची कागदं ठेवायची? कंपनीचं नुकसान बाजूला ठेवा. पैसा गेला तर तो कापूस विकून आलेला, तुमच्याच गिऱ्हाइकाचा असेल. तुमच्या विंडोजचं काय ते पाहायचं असेल तर सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. ‘तुमच्या संस्थेच्या सेवेने सक्रिय’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं आणि तुमची अशी कोणती संस्थाच नसेल, तर काय समजायचं ते समजा.

तिन्ही पीसीवर हक्काने टाकायचंच असेल तर ऑफिसऐवजी लिबरऑफिस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका. तीन काय, तीनशेवर टाका, धंद्यासाठी वापरा, कोणी विचारणार नाही. अर्ज, पत्रं, हिशेबाचे तक्ते यात भागतात. लग्नपत्रिकांसाठी इंकस्केप हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे, आणि मुक्तासारखा देखणा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतो. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली मात्र त्यात नीट उघडतीलच असं नाही, तेवढ्यासाठी एका पीसीवर विकतचं कोरल ठेवावं लागेल.

राहिली टॅली. सिल्व्हर असेल तर ती एका पीसीची. तिन्हीवर एकाच नेटवर्कमध्ये हवी असेल तर गोल्ड लागते. जुना पीसी काढताना टॅलीतूनच लायसन्स सरेंडर करा, म्हणजे त्या पीसीवरून सोडवून घ्या, मग नव्या पीसीवर त्याच सिरियल नंबरने चालू करा. त्याआधी डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. आणि हे सगळं जुना पीसी चालू असताना, नेट असताना उरका. भंगारात गेलेल्या पीसीवरून सरेंडर करता येत नाही.