"जुना अँप्लिफायर घरीच रिस्टोअर करा" वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

महिन्याभरात तो मेसेज मला चार जणांनी पाठवलाय, त्यातले दोन सख्खे मामेभाऊ. "जुना अँप्लिफायर घरीच रिस्टोअर करा, फक्त सहा स्टेप" असं हेडिंग आणि शेवटी हात जोडलेले. ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक, थेट प्लग लावा, दिवा लागला की सेट ठणठणीत. दोन, चाळीस वर्षांत सगळे कपॅसिटर (आतले वीज साठवणारे पार्ट) मेलेले असतात, सरसकट बदला आणि मोठे टाका, बास वाढतो. तीन, व्हॉल्यूम खरखरला की डब्ल्यूडी-४० मारा. चार, ओरिजनल ट्रान्झिस्टर पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, वीस रुपयांना मिळतो. पाच, जुने वॉट खरे, आताचे खोटे. सहा, प्लग काढला की आत बिनधास्त हात घाला.

मी इंजिनियर नाही. आठवडाभर नोकरी आणि रविवारी सोल्डरिंग, एवढाच माझा अधिकार. पण ह्यातल्या बऱ्याचशा चुका पैसे घालवून स्वतः केल्यात, त्यामुळे बोलतो.

पहिला मुद्दा. थेट प्लग अजिबात नाही. आधी सेटची पाठ बघा. जपानमध्ये मेन्स १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. फक्त जपानात विकायला केलेल्या सेटवर मागे नुसतं १०० लिहिलेलं असतं, तो आपल्या पॉइंटला लावलात की संपला विषय. मागे व्होल्टेज निवडायचा सिलेक्टर असेल आणि त्यावर २२० आणि २४० दोन्ही असतील तर मी २४० वर ठेवतो, आमच्याकडे रात्री लाइन चढते. मग सिरीज बोर्ड. कुठल्याही वायरमनकडे असतो तोच, फेजच्या वायरीत मध्येच एक बल्ब, म्हणजे सेटला जो काय करंट मिळेल तो बल्बमधूनच. बल्ब फिलामेंटचाच हवा, ६० किंवा १०० वॉटचा, एलईडी चालत नाही, आणि हल्ली शंभरचा पिवळा बल्ब मागितला की दुकानदार असं बघतो जणू आपण रॉकेल मागितलं. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर झगमगतो आणि मंद होतो, म्हणजे आतले फिल्टर कपॅसिटर चार्ज झाले, ठीक आहे. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बहुतेक वेळा आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे.

आणि दिवा लागला म्हणजे ठणठणीत हे तर कुठून काढलं कोण जाणे. ट्रान्झिस्टरवाल्या सेटला बल्ब मंद झाल्यावरही लगेच स्पीकर लावायचा नाही. मल्टिमीटर डीसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. वीस-तीस मिलिव्होल्ट आले तर मजेत, शंभरच्या वर गेलं तर कारण शोधा, आणि सरळ व्होल्टमध्ये आकडा आला तर ते थेट स्पीकरच्या कॉइलमधून जाणार आणि कॉइल जळणार.

आता कपॅसिटर. ह्यात अर्ध खरं आहे म्हणूनच तो मेसेज घातक आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ओलं रसायन असतं, ते सुकतं, मान्य. वयाने रबरी सीलही सुकतं, तेही मान्य. पण किती लवकर ते उष्णतेवर ठरतं. ढोबळ हिशोब असा की तापमान १० डिग्रीने कमी झालं की आयुष्य दुप्पट. १०५ डिग्रीला २००० तासांचा कपॅसिटर ६५ डिग्रीला वापरला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास, रोज तीन तास ऐकलं तर जवळजवळ २९ वर्षं. म्हणजे हीटसिंकला (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटून बसलेला आधी जाणार, लांब कोपऱ्यातला कदाचित अजून ठीक असणार. फिल्म आणि सिरॅमिकवाले तर बहुतेक वेळा बदलायचेच नसतात.

मी काय केलं सांगतो. जुन्या बाजारातून एक जपानी रिसीव्हर आणला, डावा चॅनल येतो-जातो. असाच कुठेतरी सल्ला वाचून दोन रविवार बसलो आणि चाळीसेक कपॅसिटर बदलले, फोटो न काढता. एक उलटा बसला, तो फुटला, सगळ्या खोलीत कुजक्या मासळीसारखा वास, बायको दार उघडून फक्त बघून गेली. दोन ठिकाणी जास्त तापवल्याने बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक उचकटला, तिथे अजून तारेचे जंपर आहेत. आणि डावा चॅनल? तसाच येतो-जातो! मग एकदा नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं की व्हॉल्यूम बारीक असताना तो गायब असतो आणि जोरात केला की टक् करून परत येतो. स्पीकर प्रोटेक्शनचा रिले, म्हणजे स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, बाकी काही नाही. कॉन्टॅक्ट काळे पडलेले. बारीक आवाजाला त्यातून पुढे सरकता येत नाही, मोठ्याला येतं. रिले बदलला, दहा मिनिटांचं काम. चाळीस कपॅसिटर निर्दोष होते असं म्हणत नाही, पण गुन्हेगार त्यातला नव्हता एवढं नक्की.

बदलायचंच तर फुगलेले, गळलेले, मीटरवर नापास झालेले बदला, एकावेळी एक, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी सेटमध्ये कपॅसिटरच्या बुडाशी पिवळट गोंद असतो, तो तपकिरी पडला की करंट वाहायला लागतो आणि शेजारच्या पार्टचे पाय खातो, तो मात्र खरवडून काढा, ह्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही. आणि ४७०० मायक्रोफॅरडच्या जागी १०,००० चा टाकून बास वाढत नाही, चालू करताना रेक्टिफायरवर (एसीचं डीसी करणाऱ्या पार्टवर) झटका वाढतो, फ्यूज उडतो, मग कोणीतरी शहाणा फ्यूजच्या जागी तार बांधतो.

डब्ल्यूडी-४० बद्दल: नेहमीचा निळा डबा पाणी घालवायला आणि गंज सोडवायला आहे, मागे तेलकट थर ठेवतो, त्यावर धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून मागा, त्याच कंपनीचाही वेगळा मिळतो. फवारा मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवा. पुढे.

वीस रुपयांचा ओरिजनल. २एन३०५५ हा नेहमीचा जुना पॉवर ट्रान्झिस्टर कागदावर १५ अँपिअर, ६० व्होल्ट, ११५ वॉटचा. नकली फोडून बघितला की आतली चिप नखाच्या टोकाएवढी, ती बिचारी कुठले ११५ वॉट सोसणार. दुकानदारांना सरसकट शिव्या घालू नका, चांगला दुकानदार स्वतःच विचारतो, "ओरिजनल देऊ का चालू?" वीस रुपयांत काय येतं ते त्याला माहीत असतं आणि आपल्यालाही.

वॉटचं म्हणाल तर नव्वदच्या दशकात आपण सगळ्यांनी हजार वॉट पीएमपीओ (क्षणभराचा, फुगवलेला आकडा) लिहिलेले डबे बघितलेत, तेव्हा राग समजू शकतो. पण जुने लोकही कमी नव्हते. अमेरिकेत कंपन्या इतके फुगवून आकडे छापायला लागल्या की १९७४ मध्ये तिथल्या एफटीसीला, म्हणजे व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, नियमच करावा लागला. तेव्हा त्याआधीच्या डब्यावरचा आकडा वाचून हुरळून जाऊ नका. आणि वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, एनएडी ३०२० हा जुना अँप्लिफायर नुसता २० वॉटचा होता आणि लोक अजून त्याच्या मागे आहेत.

राहिला सहावा, आणि हा वाचून मी खरंच चिडलो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांच्या सेटमध्ये ३००-४०० व्होल्ट डीसी असतं, प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये बराच वेळ बसून राहतं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढणं ही मर्दुमकी नाही. पाच वॉटचा दोन-तीन किलोओहमचा रेझिस्टर, त्याला चांगल्या इन्सुलेशनच्या क्लिपा, थोडा वेळ लावून ठेवायचा आणि मग मीटरने मोजायचं, शून्याजवळ आलं की मगच बोटं आत. डावा हात खिशात. स्पीकर न लावता व्हॉल्व्हवाला चालवायचाही नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो परत गुंडाळून देणारा माणूस शोधायला मला तीन महिने लागले होते.

मामेभावांना हेच सगळं पाठवलंय. एकाने अंगठा दाखवला. दुसऱ्याने विचारलं, त्याच्या सासऱ्यांचा सेट माळ्यावर आहे, बघतोस का? म्हटलं रविवारी घेऊन ये, तोपर्यंत प्लग लावू नकोस. त्याचं उत्तर आलं, "लावला रे कालच, दिवा लागला."