अंगठाच उमटत नाही त्यांचं काय?

आधारमुळे रेशनमधली गळती थांबली, असं एका लेखात वाचलं. बोगस कार्डांना आळा बसला, हे मान्य. पण नागपुरातल्या आमच्या महाल भागातल्या एखाद्या रेशन दुकानासमोर जरा उभं राहून बघा. जन्मभर भांडी घासलेल्या, विटा वाहिलेल्या बायांच्या बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या असतात. मशीन अंगठा घेत नाही, मावशी पदराला बोट पुसून पुन्हा ठेवते, मागची रांग ओरडते. ओटीपी म्हणाल, तर मोबाईल पोराच्या खिशात, पोरगा कामावर! अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचा हक्क बुडू नये, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालातही आलंय. मग वहीत नोंद करून धान्य द्या ना. ‘उद्या या’ म्हटलं की तिची रोजी बुडते.